दिसतंय तर नीट, मग मोजायचं काय?

१. सगळं दिसत असताना काचबिंदू कसा?

"पेपर वाचता येतो, कोपरखैरणे स्टेशनातला इंडिकेटर लांबून दिसतो, सुईत दोरा ओवता येतो. मग मला काचबिंदू कसा?" डॉक्टरांनी नुसता संशय बोलून दाखवला, की साठीच्या आसपासची माणसं हमखास हा प्रश्न विचारतात. नवी मुंबईतल्या बोनकोड्यासारख्या गावठाणात तर तो जास्तच ठामपणे येतो. तिथे घरटी कुणाचं ना कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि डोळ्याचा आजार म्हणजे अंधुक दिसणं, हे गणित पक्कं बसलेलं असतं. मग पुढचा प्रश्न येतो: "ओसीटी नावाची तपासणी लिहून दिली आहे. त्यात म्हणे पडद्याची जाडी मोजतात. दिसण्याचा आणि जाडीचा संबंध काय?"

हे प्रकरण या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पण आधी पहिल्याचं उत्तर द्यायला हवं.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दृष्टी परत येते. काचबिंदूत भिंगाला काही होत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते आणि वाळलेला भाग आजच्या कुठल्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुन्हा जिवंत करता येत नाही. नस वाळायला सुरुवात होते ती बहुधा नजरेच्या मधल्या भागासाठी नव्हे, तर त्याच्या आजूबाजूच्या भागासाठी काम करणाऱ्या तंतूंपासून. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आपण मधल्या नजरेने वाचतो, त्यामुळे आजार बराच पुढे गेला तरी माणूस शेवटची ओळ बिनचूक वाचून दाखवतो. एका डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं तर दुसरा डोळा ते भरून काढतो. दोन्ही डोळ्यांत थोडंथोडं गेलं तर मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा सारवून घेतो. काळा डाग दिसत नाही, सहसा दुखत नाही, लालीही येत नाही.

म्हणूनच भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला, तरी त्यातल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हे माहीत नाही. आंध्र आणि तामिळनाडूत घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना त्या दिवसापर्यंत त्याचा पत्ता नव्हता. हा आजार रुग्णाच्या तक्रारीवरून शोधता येत नाही. तो मोजूनच शोधावा लागतो.

२. मोजायचं ते काय?

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर जो पातळ पडदा असतो, त्यावर प्रकाश पडतो आणि त्याचे संदेश होतात. या पडद्यात अनेक थर आहेत. सगळ्यात आतल्या बाजूच्या थरांपैकी एकात साधारण १० ते १२ लाख पेशी असतात, त्यांना गँग्लियन पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीतून एक लांब, अतिशय बारीक तंतू निघतो. पडद्याच्या पृष्ठभागावरून सरपटत हे सगळे तंतू एकाच ठिकाणी येतात, तिथे वळून डोळ्याच्या बाहेर पडतात आणि त्यांची मिळून डोळ्याची नस तयार होते. बाहेर पडण्याच्या या जागेला नसेची चकती म्हणू. तिचा व्यास जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर असतो.

पडद्यावर पसरलेल्या या तंतूंच्या थराची जाडी, हेच आपल्याला मोजायचं आहे. रिपोर्टवर 'आरएनएफएल' ही जी अक्षरं दिसतात ती याच थराची.

तंतूंची वाट सरळ नाही आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नजरेचा मध्यबिंदू चकतीपासून कानाच्या बाजूला असतो. त्या मध्यबिंदूवरून इतर तंतू गेले तर ते प्रकाशाच्या आड येतील, म्हणून कानाकडच्या बाजूचे तंतू त्याला वळसा घालतात. काही वरून कमानीसारखे, काही खालून. परिणामी चकतीच्या वरच्या आणि खालच्या काठाशी तंतूंची गर्दी होते आणि थर जाड असतो. नाकाकडच्या आणि कानाकडच्या काठांशी तो पातळ असतो. निरोगी डोळ्यात चकतीभोवती फेरी मारत जाडीचा आलेख काढला तर त्यावर दोन उंचवटे दिसतात, एक वरचा आणि एक खालचा. काचबिंदूचा पहिला घाव बहुतेक वेळा याच दोन उंचवट्यांवर पडतो, त्यातही खालच्यावर जास्त.

जाडी मोजण्याचं एकक मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मध्यम वयाच्या निरोगी माणसात चकतीभोवतीची सरासरी जाडी ९० ते १०५ मायक्रॉनच्या आसपास भरते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. एवढ्याशा थरात झालेली पाच-दहा मायक्रॉनची घट पकडायची आहे.

३. तंतू आधी जातात, नजर मागाहून

नजर आणि तंतू एकाच वेळी कमी होत असते तर थर मोजण्याची गरजच पडली नसती. नजर मोजूनच भागलं असतं. पण निसर्गाने गरजेपेक्षा बरेच जास्त तंतू दिले आहेत आणि त्यातले कित्येक गेले तरी दिसणं चालू राहतं.

ठाणे खाडीच्या काठच्या या पट्ट्यातल्या जुन्या शेतीत हेच होतं. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली, त्याआधी इथल्या आगरी घरांचं भात खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत पिकायचं आणि भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध असायचा. खेकडे तो आतून पोखरत, लाटा बाहेरून झिजवत, तरी आत भात हिरवंगार उभं असे. मग एका उधाणाला खांड पडायची, खारं पाणी शेतात शिरायचं आणि त्या वर्षाचं पीक तर जायचंच, जमीनही पुढे काही वर्षं धड पिकायची नाही. जाणता शेतकरी म्हणून भाताकडे बघून बांधाची परीक्षा करत नसे. तो बांधावरून चालत जाऊन त्याची रुंदी बघायचा.

डोळ्यातला हा फरक किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या हॅरी क्विग्ली यांनी १९८२ मध्ये दाखवलं. मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांच्या नसांमधले तंतू त्यांनी मोजले आणि त्या माणसांच्या हयातीतल्या नजरेच्या तपासण्यांशी ताडून पाहिले. त्या काळच्या तपासणीत नजरेचं क्षेत्र सुरळीत असलेल्या काही डोळ्यांतही ४० टक्क्यांपर्यंत तंतू नाहीसे झालेले होते. नंतर संगणकावर चालणारी, जास्त बारकाईने नजर तपासणारी यंत्रं आली. तेव्हाही दोष दिसू लागेपर्यंत चौथा हिस्सा ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असतात, असं त्यांना आढळलं.

१९९१ मध्ये आल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी उलट्या दिशेने शोध घेतला. काचबिंदूचा धोका असलेल्या लोकांच्या पडद्याचे वर्षानुवर्षं काढलेले फोटो त्यांच्याकडे होते. ज्यांची नजर पुढे खरोखर बिघडली, त्यांचे जुने फोटो त्यांनी तपासले. नजरेत दोष येण्याच्या साधारण सहा वर्षं आधी काढलेल्या फोटोंत ६० टक्के डोळ्यांत तंतूंचा थर विरळ झालेला दिसत होता.

सहा वर्षं! औषधाचे थेंब सुरू करायला, नसेला इजा करणारा डोळ्यातला दाब उतरवायला, बाकीचे तंतू वाचवायला हा पुरेसा अवधी आहे. मला या सगळ्या विषयातला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जाडी मोजण्याची सगळी खटपट या सहा वर्षांसाठी आहे.

४. मोजपट्टी येण्यापूर्वी

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघणं हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या १८५१ च्या उपकरणामुळे शक्य झालं. त्याने चकती दिसू लागली, तिच्या मध्ये पडणारा खळगा दिसू लागला आणि काचबिंदूत तो खळगा वाढतो हे कळलं. आजही डॉक्टर तो बघतात. पण खळगा किती, हे ठरवणं बघणाऱ्यावर अवलंबून असतं. मोठी चकती जन्मतःच असेल तर निरोगी डोळ्यातही खळगा मोठा दिसतो. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत, जिच्याबद्दल पुढे येईलच, चकतीचं क्षेत्रफळ माणसागणिक फार वेगळं आढळलं होतं.

तंतू स्वतः जवळजवळ पारदर्शक. लाल रंग वगळलेल्या हिरवट प्रकाशात मात्र ते चंदेरी रेषांसारखे चमकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम हॉइट यांनी १९७२-७३ मध्ये दाखवलं की काचबिंदूच्या सुरुवातीला या चंदेरी रेषांमध्ये काळसर फटी पडतात. सॉमर यांनी पाहिले ते असेच फोटो. पण फोटोवरून फट आहे की नाही एवढंच सांगता येतं, थर किती मायक्रॉन उरला आहे हे नाही. शिवाय भिंग गढूळ असेल किंवा पडद्याचा रंग फिका असेल तर रेषाच दिसत नाहीत.

५. प्रकाशाने जाडी कशी मोजतात?

१९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक नवी पद्धत मांडली. तिचं नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी. या कामासाठी या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी शरीरात सोडतात आणि त्या कुठल्या थरावर आपटून किती वेळाने परत आल्या यावरून थराची खोली काढतात. ओसीटीत आवाजाऐवजी प्रकाश वापरतात. यंत्रातून नजरेला फारसा न जाणवणारा, अवरक्त प्रकाशाचा किरण डोळ्यात जातो. पडद्याचा प्रत्येक थर त्यातला थोडा परत फेकतो. वरच्या थरावरून आलेला प्रकाश आधी परततो, खालच्या थरावरून आलेला थोडा नंतर.

अडचण वेळेची आहे. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो. पडद्यातला १० मायक्रॉन खोल थर गाठून परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एवढा वेळ थेट मोजणारं घड्याळ दवाखान्यात बसवता येत नाही. म्हणून यंत्र एकाच किरणाचे दोन भाग करतं. एक डोळ्यात जातो, दुसरा यंत्रातल्याच आरशावर आपटून परत येतो. दोघांनी कापलेलं अंतर अगदी सारखं असेल तरच ते एकत्र आल्यावर एकमेकांत मिसळून विशिष्ट नक्षी उमटवतात. आरशाचं अंतर आपल्याला माहीत असतं. नक्षी कुठल्या अंतरावर उमटली यावरून थर किती खोल आहे ते कळतं. वेळ मोजायचा प्रश्न असा अंतर मोजण्याच्या प्रश्नात बदलला, हीच या शोधाची खुबी.

सुरुवातीच्या यंत्रांत आरसा खरोखरच पुढे-मागे हलवावा लागे, त्यामुळे ती सावकाश चालत. २००२ च्या सुमारास आलेलं 'स्ट्रॅटस' हे यंत्र सेकंदाला ४०० ठिकाणी खोली मोजायचं आणि सुमारे १० मायक्रॉनपर्यंतचा फरक ओळखायचं. पुढच्या पिढीत आरसा हलवण्याची गरज उरली नाही. परतलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून सगळ्या खोल्यांची माहिती एकदम काढता येऊ लागली. 'सिरस' यंत्र सेकंदाला २७ हजार ठिकाणी मोजतं आणि त्याची बारकाई ५ मायक्रॉनची आहे. चकतीभोवतीच्या ६ मिलिमीटर चौरस जागेत ते २०० गुणिले २००, म्हणजे ४० हजार जागी खोली मोजतं. ४० हजार भागिले २७ हजार केलं की जेमतेम दीड सेकंद होतो. हनुवटी टेकवून, समोरच्या खुणेकडे बघत, पापणी न हलवता तेवढा वेळ काढायचा असतो. सुई नाही, चिमटा नाही, डोळ्याला काही लागतही नाही.

६. निरोगी डोळा आणि काचबिंदूचा डोळा

ही मोजपट्टी काचबिंदूत खरोखर उपयोगी आहे का, हे १९९५ मध्ये जोएल शुमन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. निरोगी आणि काचबिंदू असलेल्या डोळ्यांत त्यांनी तंतूंच्या थराची जाडी ओसीटीने मोजली. काचबिंदूच्या डोळ्यांत थर पातळ होता आणि खालच्या भागात हा फरक ठळक होता. वय वाढतं तशी निरोगी डोळ्यातही जाडी घटते, हेही त्यांना दिसलं.

मोजायची जागा मात्र ठरलेली हवी. चकतीच्या अगदी काठाशी मोजलं तर थर जाड भरेल, दूर मोजलं तर पातळ. म्हणून चकतीभोवती साधारण ३.४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ कल्पतात आणि त्यावरच जाडी घेतात. पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघालेला तंतू बाहेर पडायचा तर हे वर्तुळ ओलांडूनच जाणार, त्यामुळे या एका रेषेवर सगळ्यांची गणती होते. मग वर्तुळाचे चार चतकोर करतात: वरचा, खालचा, नाकाकडचा, कानाकडचा.

समजा एका ५५ वर्षांच्या बाईंच्या रिपोर्टवर हे आकडे आहेत: वरचा चतकोर ११८, खालचा १२२, नाकाकडचा ७२, कानाकडचा ६४. बेरीज ३७६, चाराने भागलं की सरासरी ९४. दोन्ही उंचवटे जागेवर आहेत, खालचा किंचित जास्त जाड आहे. हा निरोगी डोळ्याचा नमुना.

तिच्याच वयाच्या शेजारणीचे आकडे असे समजा: वरचा १०४, खालचा ७८, नाकाकडचा ६६, कानाकडचा ५६. बेरीज ३०४, सरासरी ७६. सरासरी कमी आहेच, पण त्याहून बोलका आहे तो खालचा चतकोर. निरोगी डोळ्यात सहसा सगळ्यात जाड असणारा भाग इथे वरच्या भागापेक्षा २६ मायक्रॉनने पातळ आहे. डोळ्याच्या भिंगातून प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे पडद्याच्या खालच्या भागाचं नुकसान नजरेच्या वरच्या भागात उमटतं. या बाईंच्या नजरेच्या क्षेत्राची तपासणी केली आणि त्यात वरच्या बाजूला कमानीच्या आकाराचा दोष निघाला, तर दोन वेगळ्या पद्धती एकच गोष्ट सांगत आहेत असं डॉक्टर मानतील. निदान खरं पक्कं होतं ते अशा जुळणीने.

आणखी एक साधी खूण दोन डोळ्यांच्या तुलनेत असते. एकाच माणसाच्या दोन निरोगी डोळ्यांच्या सरासरी जाडीत सहसा ९-१० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नसतो. उजवा ९५ आणि डावा ८१ असेल तर दोन्ही आकडे एकेकटे ठीक वाटले तरी डाव्याकडे नीट बघायला हवं.

७. हिरवा, पिवळा, लाल

रिपोर्ट हातात आला की माणूस आकडे वाचत नाही, रंग बघतो. हिरवा म्हणजे सुटलो, लाल म्हणजे संपलं, असं समजून कुणी निर्धास्त होतं, कुणी रात्रभर झोपत नाही. या रंगांचा अर्थ नीट समजून घ्यावा असं मला फार कळकळीने वाटतं.

यंत्राच्या आत निरोगी माणसांच्या मोजमापांचा एक साठा असतो. तुमचा आकडा तुमच्या वयाच्या निरोगी लोकांत कुठे बसतो, हे यंत्र त्या साठ्याशी ताडून सांगतं. निरोगी लोकांपैकी सर्वांत पातळ थर असलेल्या १ टक्क्यात तुमचा आकडा बसत असेल किंवा त्याहूनही खाली असेल, तर लाल. १ ते ५ टक्क्यांच्या मध्ये पिवळा. ५ ते ९५ च्या मध्ये हिरवा. म्हणजे पूर्ण निरोगी अशा १०० माणसांत ५ जणांना पिवळा किंवा लाल रंग येणारच. रंग हा निकाल नाही, तो फक्त किती जण तुमच्यासारखे आहेत हे सांगतो.

आता त्या साठ्यात कोण आहे ते बघू. सिरस यंत्राचा मूळ साठा २८४ माणसांचा आहे. त्यात युरोपीय, चिनी, आफ्रिकी आणि हिस्पॅनिक वंशाच्या लोकांचाच भरणा आहे. भारतीय अगदी मूठभर. वंशानुसार जाडी थोडी बदलते. २००७ मध्ये डोनाल्ड बडेन्झ आणि सहकाऱ्यांनी ३२८ निरोगी लोकांच्या डोळ्यांवर केलेल्या अभ्यासात गोऱ्या लोकांची सरासरी ९८, तर आशियाईंची सुमारे १०६ मायक्रॉन भरली. मुळात जाड थर घेऊन जन्मलेल्या माणसाचे ८ मायक्रॉन गेले तरी यंत्र त्याला हिरव्यातच ठेवू शकतं.

उलटही होतं. बडेन्झ यांनाच आढळलं की डोळ्याची लांबी १ मिलिमीटरने वाढली की जाडी सुमारे २ मायक्रॉनने कमी भरते. उणे ६ किंवा उणे ८ नंबरचा चष्मा लागतो तो लांब डोळ्याला. अशा डोळ्यात तंतूंचे उंचवटेही कानाच्या बाजूला सरकलेले असतात, त्यामुळे यंत्राच्या अपेक्षेप्रमाणे ते जागेवर सापडत नाहीत आणि काचबिंदू नसतानाही रिपोर्टवर लाल रंग येतो. लहानपणापासून जाड चष्मा लावणाऱ्या आयटीतल्या मुलाला लाल रिपोर्ट आला म्हणून लगेच आयुष्यभराचे थेंब सुरू करणं योग्य नाही.

तिसरी गोष्ट फोटोच्या दर्जाची. रिपोर्टवर सिग्नलचा आकडा दहापैकी दिलेला असतो. सिरसवर तो ६ च्या खाली असेल तर आकड्यांवर विसंबू नये. डोळा कोरडा असेल, मोतीबिंदू असेल, पापणी मधेच मिटली असेल तर सिग्नल पडतो आणि थर खोटाच पातळ भरतो. मोतीबिंदू काढल्यावर त्याच डोळ्याची जाडी वाढलेली दिसते ती यामुळे. तंतू परत उगवलेले नसतात, यंत्राला आता स्वच्छ दिसतं एवढंच.

८. कालचा आकडा आणि आजचा

मग रंग बाजूला ठेवून तुलना कुणाशी करायची? स्वतःशीच. दुसऱ्या माणसांची जाडी ८० पासून ११५ पर्यंत कुठेही असू शकते, पण तुमची कालची जाडी ही एकच असते. म्हणून पहिला चांगला रिपोर्ट जपून ठेवणं हे मला लाल-हिरव्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

स्वतःशी तुलना करतानाही दोन गोष्टी वजा कराव्या लागतात. एक म्हणजे वय. बडेन्झ यांच्या अभ्यासात जाडी दर दहा वर्षांनी सुमारे २ मायक्रॉनने कमी होत होती. ४५ व्या वर्षी ९६ असलेली जाडी ६५ व्या वर्षी ९२ झाली, तर ते फक्त वय आहे. दुसरी म्हणजे यंत्राची स्वतःची चूक. त्याच डोळ्याची, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर दोनदा मोजणी केली तरी सरासरीत ४-५ मायक्रॉनचा फरक पडू शकतो. एखाद्या चतकोरात तर ८ पर्यंत.

समजा एका रुग्णाचे दर वर्षीचे आकडे असे आले: ८४, ८१, ८३, ८२. वरखाली होताहेत, पण उतार नाही. थेंब काम करत आहेत, एवढंच यातून समजायचं. दुसऱ्याचे असे: ८४, ८२, ७९, ७५. प्रत्येक वर्षीची घट यंत्राच्या चुकीत बसते, पण चारही आकडे एकाच दिशेने चालले आहेत. तीन वर्षांत ९ मायक्रॉन गेले, वयाने या काळात एक मायक्रॉनही गेला नसता. इथे दाब आणखी उतरवायला हवा. दोन रिपोर्टांवरून घाईने निर्णय घेतला असता तर पहिल्या माणसाचे थेंब विनाकारण वाढले असते.

या तुलनेसाठी यंत्र तेच हवं. भारतीय डोळ्यांवर स्ट्रॅटसने झालेल्या अभ्यासांत निरोगी सरासरी १०४-१०५ च्या घरात आली, तर सिरसवर निरोगी आकडे त्याहून कमी भरतात. एका कंपनीच्या यंत्रावरचा जुना आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरच्या नव्या आकड्यातून वजा केला तर उत्तर निरर्थक येतं. ओसीटी यंत्रं आता वाशी, नेरूळ, पनवेलपर्यंत जवळ आली आहेत. पैसे थोडे कमी पडतात म्हणून दर वर्षी वेगळीकडे तपासणी केली, तर वाचलेल्या पैशांसोबत तुलनाही जाते.

आणि एक मर्यादा. थरात नुसते तंतू नसतात, आधार देणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्याही असतात. सगळे तंतू गेले तरी त्या उरतात. त्यामुळे आकडा ५०-५५ मायक्रॉनच्या आसपास येऊन थांबतो. आजार फार पुढे गेलेल्या डोळ्यात ओसीटी दर वर्षी तोच आकडा दाखवते आणि नजर मात्र घटत राहते. अशा वेळी अंधाऱ्या यंत्रात ठिपके दिसले की बटण दाबायची जी तपासणी असते, तिच्यावरच भर द्यावा लागतो. ती कंटाळवाणी आहे, पण तिथे तिला पर्याय नाही.

९. प्रेशर नॉर्मल आलं तरीही?

"डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आहे, मग जाडी कशाला मोजायची?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ मध्ये नागपूर परिसरातल्या आठ खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. ही 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'. तिथल्या लोकांचा बुबुळावरचा पारदर्शक पडदा सरासरी ५१४ मायक्रॉन जाड भरला. युरोपीय लोकांत तो साधारण ५४० च्या पुढे असतो. डोळ्याचा दाब मोजताना हाच पडदा दाबून बघतात. तो पातळ असेल तर सहज दबतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. म्हणजे आपल्याकडे १७-१८ चा आकडा वाचून निश्चिंत होण्यात धोका जास्त. शिवाय दाब कधीच २१ च्या वर न गेलेल्या लोकांतही काचबिंदू होतो.

तरी उपचार सगळे दाबावरच आहेत, कारण उतरवता येतो तो दाबच. अमेरिकेत दाब वाढलेल्या पण अजून नुकसान न झालेल्या १,६३६ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. स्वीडनमधल्या चाचणीत दाब १ एककाने उतरला की आजार वाढण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी घटली.

ओसीटीच्या या मोजणीतून एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा उघडा आहे की बंद. तो बंद होणारा काचबिंदू आपल्याकडे कमी नाही. एकाएकी डोळा दुखला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कोपरा बघायला डॉक्टर डोळ्यावर वेगळं भिंग ठेवून तपासतात. जाडी हिरवी आली तरी ही तपासणी टाळू नये.

१०. कुणी, कधी?

चाळिशीनंतर प्रत्येकाने एकदा दाब, चकती आणि कोपरा तपासून घ्यावा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यात काचबिंदू होण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे नऊपट आढळली. त्यामुळे घरात आईला किंवा भावाला हा आजार निघाला, तर बाकीच्यांची तपासणी त्याच महिन्यात करावी. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनी, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि मोठ्या नंबरचा चष्मा असणाऱ्यांनीही चाळिशीची वाट बघू नये.

डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायचं ते एवढंच: आधीचे सगळे ओसीटी रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, ते कुठल्या यंत्रावर काढले त्याचं नाव, चष्म्याचा जुना नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची तारीख आणि चालू थेंबांच्या बाटल्या. रिपोर्ट फॅक्सच्या कागदासारख्या गुळगुळीत कागदावर छापलेला असेल तर त्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवावी, कारण त्यावरची शाई काही वर्षांत उडते आणि तुलनेसाठी हवा असलेला पहिला आकडाच वाचता येत नाही.